भाडेकरू, सासूबाई आणि तू

बाबल्या, काल तुझ्या गेमच्या भाडेकरूंनी मला परत शिव्या घातल्या. शिवडीच्या गोदामातल्या सेटचा एक फोटो कुठून तरी बाहेर फुटला आणि या लोकांनी तो मोठा करकरून जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. गेममध्ये बावीस, पिक्चरमध्ये एकोणीस. बाईंनी तीन पायऱ्या खाल्ल्या, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, बाबल्यादादा असते तर हे होऊ दिलं नसतं. मला लिहावंसं वाटलं की अरे शहाण्या, बाबल्यादादा होते. त्यांनीच पहिल्या दिवशी सेटवर येऊन त्या पायऱ्या मोजल्या, मग कोपऱ्यात खुर्ची टाकून तीन तास तोंड फुगवून बसले, आणि शेवटी जेवायच्या वेळी आमटी चांगली होती म्हणून गप्प झाले. पण नाही लिहिलं. गेलेल्या माणसाच्या नावाने भांडणाऱ्याशी भांडता येत नाही. तू मला चांगलंच कात्रीत धरून गेलास.

तू जिवंत असताना हेच लोक तुलाही सोडत नव्हते, हे मात्र आता कोणाला आठवत नाही. गेममध्ये दुसऱ्या माळ्यावरचा नळ गळतो, तो तू एकदा दुरुस्त केलास. ती तुझीच चूक होती, तूच ती काढलीस. तर 'आमचा नळ परत द्या' म्हणून यांनी आठवडाभर तुझं डोकं खाल्लं आणि तू तो नळ परत गळका केलास. त्या दिवशी तू मला फोन करून म्हणालास, बाई, चाळ माझी राहिलीच नाही, मी आता नुसता घरमालक आहे. आणि खूश होऊन हसलास. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नव्हतं. अजूनही नीटसं कळलेलं नाही.

परवा तुमच्या खोलीवर भेटायला आलेल्या एका मावशींनी मला हळूच विचारलं, बाबल्या नेमकं करायचा काय? मी म्हटलं, त्याने मोबाइलवरचा एक खेळ बनवला होता, 'चौथा माळा' नावाचा. चाळ पाडायला काढलीये, माणसं निघून गेलीत, घाईगडबडीत खोल्याखोल्यांतून देव मागे राहिलेत. एक पोरगा एकेक माळा चढतो आणि बुलडोझर यायच्या आत ते देव खाली आणतो. हा खेळ खेळणारे स्वतःला भाडेकरू म्हणवून घेतात. मावशी म्हणाल्या, एवढंच? आठ वर्षांपूर्वी मी तुला हाच प्रश्न विचारला होता आणि तू चार दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. मावशींना मी चहा दिला आणि विषय बदलला.

खरं सांगायचं तर मी दुसऱ्या माळ्याच्या पुढे कधी गेलेच नाही. गेमवर अख्खा पिक्चर लिहिला, दिग्दर्शनही माझंच, पण वरचे दोन माळे तू खेळत असताना तुझ्या खांद्यावरून बघितले. तुला ते माहीत होतं. भाडेकरूंना तू कधी सांगितलं नाहीस, त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. सांगितलं असतंस तर त्यांनी मला ठाकूरद्वारच्या नाक्यावर गाठून मारलं असतं.

पण गेमच्या सुरुवातीचं ते गाऱ्हाणं मात्र मी पहिल्यापासून ऐकलेलं. आमच्या घरी नुसत्या आरत्या. घरातल्या वडीलधाऱ्याने देवापुढे उभं राहून सगळ्यांसाठी मागायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते तुमच्या लालबागच्या खोलीत. तुला प्रत्येक माळ्याच्या सुरुवातीला ते हवं होतं. खेळणाऱ्याने बोट दाबून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, म्हटल्याशिवाय जिना उघडणार नाही. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून तुम्हा बापलेकांच्या आणि माझ्या डोक्यावर एकच गोधडी, फोन माझ्या हातात. तात्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं आणि तिघेही घामाघूम असताना ते अगदी रंगात आले. कुळदेव झाला, गावदेव झाला, गिरणीतल्या मारुतीलासुद्धा त्यांनी सोडलं नाही. आणि मग ज्याच्यासाठी मागायचं त्या लेकराचं नाव घ्यायची वेळ आली. तात्यांनी तुला जन्मापासून बाबल्या याशिवाय कधी हाक मारलेली नाही, आणि देवापुढे काही बाबल्या चालत नाही, तिथे पाळण्यातलं नाव लागतं. तात्या अडले. "वायच थांब हां," ते म्हणाले, "नाव काय रे तुजा?"

बापाने पोटच्या पोराला नाव विचारलं. मी खो खो हसले, शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली, आणि तात्यांनी नाव गाळून गाऱ्हाणं पुरं करताच तू वैतागून गोधडी फेकलीस. परत एकदा घ्या म्हणालास. तात्या म्हणाले, गाऱ्हाणं एकदाच घालतात, देव काही बहिरा नाही. झालं. तू विनवण्या केल्यास, त्यांच्या आवडीची गुळाची खाजी आणलीस, काही उपयोग झाला नाही.

मग तू त्या चुकीतूनच वाट काढलीस. तात्यांनी नाव विचारलं की पडद्यावर एक रिकामी ओळ येते आणि खेळणाऱ्याने तिथे स्वतःचं नाव घालायचं. त्या नावासाठी तात्या मागतात, "सुखरूप खाली हाड," सुखरूप खाली आण. लोक वेडे झाले ते तुझ्या चाळीपायी नाही की देवांपायी नाही. कोणी तरी आपलं नाव विचारून आपल्यासाठी मागतंय, त्यापायी झाले. एकाने तुला लिहिलं होतं, मी परदेशात एकटा राहतो आणि कामावर जाताना रोज फक्त गाऱ्हाण्यापुरता गेम उघडतो. तू ते मला वाचून दाखवलंस आणि उगाच घसा खाकरलास. तेव्हा मी तुझी टिंगल केली. ती करायला नको होती.

त्यानंतर शेट आले. शेट म्हणजे आपले निर्माते, ज्यांना गेम आणि क्रिकेटची मॅच यांच्यात फारसा फरक वाटत नव्हता, पण भाडेकरूंची संख्या मात्र नीट कळली होती. पहिल्याच बैठकीत त्यांनी आपल्याला सांगितलं की भाडेकरू पहिल्या तीन दिवसांत येऊन जातील, चौथ्या दिवशी पिक्चरला आमच्या सासूबाई आल्या पाहिजेत. तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला तो एकच प्रश्न. आमच्या सासूबाईंना कळेल का? पोरगा देव का उचलतोय, कळेल का? गाणं का नाहीये, कळेल का? दादरला राहणाऱ्या त्या बाईंना मी पाहिलेलंही नव्हतं, पण वर्षभर त्या माझ्या टेबलाशी बसून होत्या. एका बाजूला त्या आणि दुसऱ्या बाजूला तुझे भाडेकरू. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि मधे मी, लेखिकाबाई, दोघांच्याही लाथा खात.

सगळं भांडण शेवटी येऊन अडलं ते नावावर. पिक्चरमध्ये पोराला नाव काय द्यायचं? शेटना 'शिवा' हवं होतं, पोस्टरवर दिसायला चांगलं म्हणून. मी 'सदा' लिहिलं होतं. तू म्हणालास, काहीच नाही. तात्यांचा प्रश्न आला की पडदा काळा, तीन सेकंद शांतता, ज्याने त्याने आपलं नाव मनात म्हणावं आणि पुढे चला. मी म्हटलं, बाबल्या, थिएटरात तीन सेकंद आवाज गेला की लोक शिट्ट्या मारतात. तू म्हणालास, मारू देत. मी म्हटलं, त्याची आई त्याला हाक कशी मारणार? तू म्हणालास, मग आईच नको. तू म्हणशील ती पूर्व.

मी तुला समजावलं नाही असं म्हणू नकोस. मी सांगितलं की गेममध्ये पोरगा तू चालवतोस म्हणून तो तू असतोस. पिक्चरमध्ये त्याला आम्ही चालवतो, तू नुसता बसलेला असतोस. ज्याला नाव नाही, गाव नाही अशा माणसासाठी तिसऱ्या रांगेतल्या बाईचा जीव का अडकावा? ज्यांचं आधीच प्रेम आहे त्यांच्यासाठी कोणी पिक्चर काढत नाही. यावर तू म्हणालास, प्रेम आहे त्यांना उठवून तिथे परक्याला बसवायचं, याला काय म्हणतात बाई? त्यावर मी आवाज चढवला. ही माझी जुनी खोड. माझा पहिला पिक्चर पडला तेव्हा तू एकटा तीनदा जाऊन आला होतास आणि मध्यंतरानंतर किती जण मोबाइल बघत होते ते मोजून मला सांगितलं होतंस. बाकी सगळ्यांनी मला पोस्टर छान होतं म्हणून सांगितलं. तेव्हाही मी तुझ्यावरच आवाज चढवला होता.

शिवडीला सेटवर, नावाच्या सीनच्या दिवशी, तू आलास. नटाने 'सदा' म्हटलं. तू कोपऱ्यातून उठलास, माझ्यापाशी आलास आणि हळू आवाजात म्हणालास, "ह्याच्यावर माझं नाव नको टाकूस. मी जातो."

'येतो' नाही म्हणालास. एवढ्या वर्षांत तू दहा मिनिटांसाठी खाली गेलास तरी 'येतो' म्हणायचास, तात्यांनी तशी सवयच लावलेली. मला ते तेव्हाच खटकलं. 'असं म्हणू नये' एवढं तरी म्हणायला हवं होतं, लहान पोरालाही आपण तेवढं टोकतो. पण शेट बघत होते, लाइट तापले होते, मला घाई होती. मी म्हटलं, "जा."

पुढचे नऊ दिवस तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. दहाव्या दिवशी तात्यांचा आला, परळच्या हॉस्पिटलमधून. गेम कोणाच्या फोनवर अडकतोय म्हटलं की तासाभरात दुरुस्त करणारा तू, चार दिवस छाती दुखतेय हे कोणाला सांगितलं नव्हतंस. याचा मला इतका राग येतो ना, की रडताना मधेच मी तुला शिव्या देते. आई म्हणते, गेलेल्याला शिव्या देऊ नयेत. मी म्हणते, तुला माहीत नाही तो कसा होता ते.

तू गेल्यावर मी निम्मी हरले आणि निम्मी हट्टाला पेटले. गाऱ्हाणं तरी तात्यांच्याच आवाजात राहील असं मी शेटना ठणकावून सांगितलं. जुनं रेकॉर्डिंग फोनवरचं, त्यात कुकरची शिट्टी, थिएटरात ते फाटेल असं साउंडवाल्याने सांगितलं होतं. म्हणजे तात्यांनी नव्याने घालायला हवं होतं. मी त्यांना सांगायला धजत नव्हते, त्यांनीच विचारलं, कधी येऊ? तेरावं झाल्यावर पाचव्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून टॅक्सीने दादरच्या स्टुडिओत आले. मी त्यांना तीनदा समजावून सांगितलं, जुन्यासारखंच घालायचं, 'वायच थांब, नाव काय रे तुजा' इथे थांबायचं, बाकी आम्ही बघतो. ते मान हलवत होते.

काचेपलीकडे ते एकटे, कानाला ते मोठे हेडफोन. पहिल्या वाक्यानंतर ते थांबले आणि काचेतून माझ्याकडे बघायला लागले. समोरून कोणी उत्तर देत नव्हतं ना. मी बटण दाबून इकडून 'व्हय म्हाराजा' म्हटलं, मग गाडी पुढे गेली. सगळे देव झाले, मारुती झाला. आणि मग न अडखळता, एका दमात तात्या म्हणाले, "आणि ह्या तुज्या लेकराक, रघुवीराक, वाटेत खंय अडचण येव देव नको. सुखरूप वर व्हर."

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

मग मी आत गेले आणि म्हटलं, तात्या, तिथे नाव विचारायचं होतं ना? शिवाय 'खाली आण'च्या जागी 'वर ने' झालं. त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. "आता इसरू कसा?" ते म्हणाले. "इतके दिस जो तो नावच इचारता. हॉस्पिटलात सांगलंय, स्मशानात सांगलंय, वॉर्डाच्या हापिसात दोनदा लिवन दिलंय. तोंडात बसला ता." परत एकदा घ्या असं म्हणायची सोयच नव्हती. गाऱ्हाणं एकदाच.

आता बघ माझी अवस्था. ना तुझा प्रश्न हातात, ना माझा सदा. पिक्चरमधला पोरगा रघुवीर नव्हता आणि तो रघुवीर मला करायचाही नव्हता. शेवटी फोनवरचं जुनं रेकॉर्डिंग काढलं, साउंडवाल्याने जमेल तेवढं धुतलं, शिट्टी तेवढी निघाली नाही. त्यात नाव नाहीच, नुसता प्रश्न, आणि फोनवरच्या त्या आवाजापुढे नटाचा 'सदा' काही केल्या बसेना. मग त्यापुढे तुझे तीन सेकंद ठेवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. आईच्या तोंडचे चार 'सदा' पुसून तिथे 'अरे' घातलं. मुलाला आयुष्यभर 'अरे' म्हणून हाक मारणाऱ्या आया या मुंबईत थोड्या आहेत का? हे मला तू असताना सुचलं असतं तर केवढी भांडणं वाचली असती. तुझं मला पटलं म्हणून नव्हे, माझा नाइलाज झाला म्हणून तुझ्या मनासारखं झालं. हे तुला आवडणार नाही. नसू दे.

शेट अर्थातच भडकले. म्हणाले, आधी आमच्या सासूबाईंना दाखवा. आणि बाबल्या, त्या खरोखरच आल्या. पांढरी साडी, पर्स मांडीवर, पंच्याहत्तरीच्या तरी असतील. छोट्या थिएटरात आम्ही सहा जण. तात्यांचा आवाज आला, "नाव काय रे तुजा?" पडदा काळा झाला. पहिल्या सेकंदाला शेट खुर्चीत हलले. मी डोळे मिटून घेतले, आता कोणी तरी 'ओ, आवाज' म्हणणार म्हणून. आणि शेजारच्या खुर्चीतून, कोणी खरंच विचारल्यासारखं, सासूबाई हळूच म्हणाल्या, "सुलोचना."

दिवे लागल्यावर शेटनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं की तो पोरगा दुसऱ्या माळ्यावरचा नळ का बंद करत नाही, पाणी वाया जातंय. तुझे भाडेकरू याला काय म्हणतील, ते तूच बघ. तीन सेकंद राहिले. पायऱ्या एकोणीसच आहेत, त्याला इलाज नाही. श्रेयनामावलीच्या पाटीवर तुझं नाव टाकलंय. तू नको म्हणाला होतास, पण तू न विचारता निघून गेलास तर मीही न विचारता टाकलं. हे बघायला तू चार आठवडे थांबला असतास तर काय बिघडलं असतं?

मग तात्यांना सांगायचं अवघड काम उरलं. एवढा म्हातारा माणूस टॅक्सी करून आला, घसा फोडून गाऱ्हाणं घातलं, आणि आपण ते वापरलं नाही हे कोणत्या तोंडाने सांगायचं? काल संध्याकाळी लालबागला गेले. तात्या दारात बसून तांदूळ निवडत होते. शेजारची म्हणते, एकट्यापुरता भात असला तरी दोघांपुरते निवडतात. मी खाली बसले आणि एका दमात सांगून टाकलं की तात्या, तुमचं नवीन गाऱ्हाणं पिक्चरमध्ये घेतलं नाही, जुनंच ठेवलं, मला माफ करा. त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"बरा केलंस, चेडवा," ते म्हणाले. "ता काय पिक्चरासाठी नव्हता."

काचेच्या अलीकडे बटण दाबून, घड्याळाकडे बघत, त्या दिवशी मी कशाला 'व्हय म्हाराजा' म्हणत होते ते मला तेव्हा कळलं.